मेणबाईचा होकार

१९ एप्रिल २००९. मृत सहा : पाच मुले, एक प्रौढ. मुलांना मरायला पाच-सहा दिवस लागले. प्रौढाला वीस मिनिटे पुरली.

मुले कारखान्याच्या वसाहतीतली, सहा ते अकरा वर्षांची. पाचही जणांचे दुखणे एकाच वळणाने गेले. आधी कपाळ फुटेल असे डोके दुखले, मग ताप चढला, मान लाकडासारखी ताठ झाली, आईबापांची ओळख पुसली गेली आणि शेवटी झटके आले. एका मुलीने झटक्यात स्वतःची जीभ दातांनी तोडली. एका मुलाला तिघांनी मिळून खाटेला बांधले, तर त्याने मनगटाची कातडी सोलेपर्यंत दोरी ओढली. पाचवी मुलगी एकोणीस तारखेला सकाळी साडेदहाला गेली. साडेअकराला इस्पितळाच्या फाटकापाशी दीडशे माणसे जमलेली होती.

वसाहतीत पोहण्याचा हौद होता. कारखान्याची यंत्रे थंड करून आलेले कोमट पाणी त्यात सोडत. हौदावर एक राखणदार असे. सगळे त्याला हौदवाला म्हणत. तो तळाशी एक पांढरा खडा टाकायचा आणि जो बुडी मारून खडा वर आणील त्याला आंबटगोड गोळी द्यायचा. मेलेली पाचही मुले पट्टीची बुडी मारणारी होती, म्हणून सर्वांत जास्त गोळ्याही त्यांनीच खाल्ल्या होत्या. वसाहतीने एवढे पाहिले आणि तिला पुरले. जी मुले बुडी मारत नव्हती ती धडधाकट होती, पण ती गोळ्या खात नव्हती म्हणून, असेच सर्वांना दिसले. पोलिसांनी गोळ्यांची बरणी तपासणीला नेली होती आणि निकालाला महिना लागणार होता. जमावाकडे महिना नव्हता.

तरीही जमाव अडखळला होता, हे सांगितले पाहिजे. दीडशे माणसांना माणूस मारण्याआधी कोणाचा तरी शब्द हवा असतो. असा शब्द देण्याजोगी एकच व्यक्ती तिथे होती. इस्पितळाच्या पायरीवर एक बाई बसली होती. ती त्याच इस्पितळाच्या पॅथॉलॉजी खात्यात तंत्रज्ञ होती, आणि पाचवी मुलगी तिची होती.

“तू आतली माणूस,” कोणीतरी तिला म्हणाले. “तुला ठाऊक असणार. विषच ना ते?”

दोन दिवसांपूर्वी खात्याचे म्हातारे डॉक्टर व्हरांड्यात बोलताना तिने ऐकले होते : “मेंदूवर जाणारं काहीतरी विष असावं.” त्यातला ‘असावं’ तिच्या कानांनी ऐकला होता. पण पायरीवर बसलेल्या बाईजवळ त्या शब्दाला जागा उरली नव्हती.

“हो,” ती म्हणाली.

तिचा नवरा फिटर होता. कामावरून तसाच आला होता, हातात दीड फुटी पाइप-पाना. तो सर्वांत पुढे चालू लागला.

हौदवाल्याने पंपाच्या खोलीत शिरून आतून कडी लावली होती. दार तिसऱ्या लाथेला गेले. त्याला केसांना धरून बाहेर ओढले. घरातून गोळ्यांची दुसरी बरणी कोणीतरी आणली आणि “खा, आता तूच खा” म्हणत कागदासकट मुठी-मुठीने त्याच्या तोंडात कोंबली. तोंड मिटले तेव्हा दगडाने उघडले. पाना तीनदा बसला : गुडघ्यावर, गळ्याच्या हाडावर, कानशिलावर. त्याची बायको हात आडवा घालून मधे पडली, तर तिचे कोपर उलटे वळवून मोडले. तिची आठ वर्षांची पोरगी हौदाच्या कठड्यावर उभी राहून हे पाहत होती. शेवटी त्याला हौदात टाकले आणि पाला काढायच्या लांब काठीने पाण्याखाली दाबून धरले. नंतर लोक घरी गेले. काहींनी जेवण केले. पंप चालूच होता.

बरणीत विष सापडले नाही. पण मुलांच्या मरणाचे दुसरे कारणही सापडले नाही, म्हणून कागदावर ‘अनोळखी विष’ असे राहिले. खटला चालला. दीडशेजणांतल्या एकानेही दुसऱ्याला पाहिले नव्हते. पाना मिळाला नाही, म्हणून फिटरचे नाव खटल्यात आलेच नाही. सगळे सुटले.

पायरीवरच्या त्या बाईला खात्यात मेणबाई म्हणत, कारण तिचे काम मेणाचे होते. शस्त्रक्रियेतला किंवा शवविच्छेदनातला मांसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, त्यातले पाणी काढायचे आणि पातळ मेणात बसवून गार करायचा. काडेपेटीएवढा ठोकळा तयार होतो. खात्यात त्याला ब्लॉक म्हणतात. मग तो यंत्रावर चढवून हाताने चाक फिरवायचे. प्रत्येक फेऱ्याला पात्यावरून केसाहून कितीतरी पातळ असा काप उतरतो, आणि ते काप एकमेकांना चिकटून फितीसारखे लांबत जातात. काप काचेवर घेऊन रंगवला की डॉक्टर बघतात. रंगवण्याचे काम एका वयस्क सहकाऱ्याकडे होते. तो अर्थातच रंगारी. “ही मेण लावते, मी रंग लावतो,” तो नव्या डॉक्टरांना सांगायचा, “आणि तुम्ही नुसते बघून पगार घेता. धंदा चांगला निवडलात.”

त्या खात्याचा एक अलिखित नियम होता : आपल्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही. म्हणून २००९ साली मेणबाईने चौघा मुलांच्या मेंदूचे ब्लॉक कापले, पाचवा रंगाऱ्याने कापला. पाचव्या मुलीला तिचा बाप लाडाने बेडकी म्हणायचा. पाण्यात शिरली की बाहेर यायचे नाव घेत नसे. रंगाऱ्याने बेडकीचा एकच काप घेतला आणि वहीत नोंद केली, ‘ब्लॉक संपला’. पुढे कोर्टाने, तज्ज्ञांनी, वकिलांनी पुन्हापुन्हा काप मागवले ते उरलेल्या चौघांचे. दर वेळी मेणबाईने ते कापून दिले. दर वेळी तिची मान खाली असे.

घरी नवराबायको बोलत ते कामापुरते. अकरा वर्षांत फिटरने वसाहतीतली कितीतरी गळकी नळकांडी दुरुस्त केली. पोलिसांना न सापडलेला पाना स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, अवजारांच्या पेटीत असे. नळ गळू लागला की तो त्याच पान्याने आवळला जाई आणि त्या नळाचे पाणी दोघे पीत.

२०२० साली हौदवाल्याची बायको खात्याच्या दारात उभी राहिली. डावा हात कोपरात वाकलेला, तो सरळ होत नसे. तिने मेणबाईला ओळखले नाही. पायरीवरची बाई तिने कधी पाहिलीच नव्हती. मेणबाईने तिला हातावरून ओळखले.

“इथे जुनं मांस ठेवतात म्हणे,” ती म्हणाली. “त्या पोरांचं आहे का अजून?”

“का हो?”

“माझी पोरगी पाळणाघरात कामाला होती. गेल्या महिन्यात कोणाला तरी कळलं, कोणाची मुलगी ते. आयाबापांनी अंगणात ओढून मारली तिला. जबडा तारेनं बांधलाय. एकोणीस वर्षांची पोर नळीनं दूध पितेय.” ती दारातून आत आली. “माझा नवरा गेला तो गेला. पण आता तिला मारायला लागलेत. एकदा बघा ना बाई, विष होतं का नाही. असलं तर असलं म्हणून सांगा, आम्ही कुठे तरी लांब जाऊ.”

खात्यात आता एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जुन्या काचा काढून दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तिसऱ्या दिवशी मेणबाईला हाक मारली.

“मावशी, या. या गोल पेशी दिसतात? सूज आली की घाण खायला येणाऱ्या पेशी, असं तेव्हा लिहिलंय. पण प्रत्येकीच्या पोटात हा मोठा ठिपका बघा. सफाईच्या पेशीला असा ठिपका नसतो. मला हा अमीबा वाटतो. कोमट पाण्यात राहतो. बुडी मारताना नाकात पाणी गेलं की वासाच्या नसेवरून चढतो आणि मेंदू खातो. पाणी प्यायलं तर काही होत नाही, नाकातूनच जावं लागतं.”

“म्हणजे गोळ्या...”

“गोळ्यांचा काय संबंध? बुडीचा संबंध. पण डोळ्यांनी बघून कोर्ट मानणार नाही. मेणातल्या तुकड्यात अमीबाचा डीएनए सापडला पाहिजे. फॉर्मॅलिननं तो तुटून भुगा झाला असेल, तरी बारीक तुकडे पीसीआरच्या चाचणीला पुरतात.”

घाई होती. दहा वर्षांहून जुने ब्लॉक भट्टीत जाळायची यादी निघाली होती आणि चौघांचे ब्लॉक त्या यादीत होते. मेणबाईने ते त्याच दुपारी यंत्रावर चढवले. पद्धत अशी, की प्रत्येक ब्लॉकनंतर मांस नसलेला, नुसत्या मेणाचा कोरा ठोकळा कापायचा आणि त्याचीही चाचणी करायची. कोऱ्यात काही निघाले नाही, तर बाकीचे खरे.

पण कोऱ्यातही अमीबा निघाला.

“कोरा बोलतोय, मावशी!” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “पातं बदललं होतं का?”

मेणबाईने पाते यंत्रावरून उतरवले. तिने पाते पुसले होते, बदलले नव्हते. सव्वीस वर्षे या खात्यात पाती मोजून मिळत. एक पाते चार-पाच ब्लॉकना पुरवायचे हे तिच्या हाताला लागलेले वळण होते. काचेवरच्या कापाला त्याने काही बिघडत नव्हते. डीएनएच्या चाचणीत पात्याला लागलेला एक कण चौघांची सरमिसळ करायला पुरतो. कोर्टाला एवढेच म्हणायला पुरले असते, की कोणता अमीबा कोणत्या मुलाचा हे सांगता येत नाही.

“पुन्हा कापू?”

“काय कापणार?” डॉक्टरीणबाईंनी ब्लॉक दिव्यासमोर धरले. अकरा वर्षांच्या मागण्यांनी ते तळाला गेले होते. मेणातून पलीकडचे बोट दिसत होते. “नख कापल्यावर उरतं तेवढंही नाही यात. निकाल नाही. संपलं.”

रंगारी तोवर रंगाच्या बरण्यांपाशी पाठमोरा उभा होता. तो वळला नाही.

“बेडकीचा आहे,” तो म्हणाला.

“तो संपला,” मेणबाई म्हणाली. “तुम्हीच लिहिलंय वहीत.”

“खोटं लिहिलं. एक काप घेतला आणि पुढे चाक फिरेना माझ्याच्यानं. म्हटलं, या लेकराला आता कोणी कापू नये. म्हणून संपला असं लिहिलं आणि माझ्या कपाटात ठेवला. म्हणून यादीतही नाही.” मग तो हळूच म्हणाला, “निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, काढून टाकायचं तर टाका.”

बेडकीचा ब्लॉक जाड, भरलेला, पिवळसर होता. त्यात कापला जाण्याची वाट पाहत असल्यासारखा राखाडी तुकडा होता. हा आईच्या ताब्यात उरलेला मुलीचा शेवटचा अंश. तो चाचणीत खर्च होणार होता, आणि जे निघेल ते तिच्या नवऱ्याच्या हातून आणि तिच्या तोंडून काय झाले, ते सांगणार होते. डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद पुढे केला. आईबापांपैकी एकाची सही चालली असती. मेणबाईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. न सांगता सही करावी, असे तिला क्षणभर वाटले. मग वाटले, अकरा वर्षे न सांगताच गेली.

त्या संध्याकाळी जेवणाआधीच तिने फिटरला सांगितले. लपवले काही नाही : अमीबा, बुडी, ब्लॉक, सही.

त्याने ताट बाजूला सारले. “तिला पुन्हा कापणार तू?”

“अहो, कापल्याशिवाय कळणार कसं?”

“काय कळायचंय? मला सगळं कळलंय. त्यानं मारलं, मी मारलं. मिटलं.”

“त्यानं नाही मारलं तर?”

“मग मी कोण झालो?” फिटर उभा राहिला. “तू सांगितलंस मला. पायरीवर बसून ‘हो’ म्हणालीस. दीडशे माणसांनी ऐकलं. तुझ्या ‘हो’वर मी हात उचलला. आणि आता तूच यंत्र घेऊन सांगणार, चुकलं म्हणून?”

“हो,” मेणबाई म्हणाली.

तोच शब्द. दोघांनाही तो ऐकू आला. फिटरने तिचा उजवा हात मनगटाला धरला, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दार आपटले. एकदा. मग, हाडाचा आवाज पुरेसा वाटला नाही म्हणून, दुसऱ्यांदा. “फिरव आता चाक,” तो म्हणाला, आणि तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडू लागला. त्याच्या त्या रडण्याची कणव तिला आली, हे तिला स्वतःबद्दल फार भयंकर वाटले.

तीन बोटे मोडली होती. सकाळी प्लास्टर घातलेल्या हातासह ती खात्यात आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला. त्यांनी पोलिसांना फोन लावला. मेणबाईने तो खाली ठेवायला लावला. “आधी काम. पोलिसांकडे मला माझं मोठं सांगायचंय, हे किरकोळ त्यात येईल.” तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

चाक उजव्या हाताने फिरते. ते रंगाऱ्याने फिरवले. मेणबाईने डाव्या हातातल्या चिमट्याने काप उचलले. नव्या पात्याने कोरा, मग ते फेकून नव्या पात्याने बेडकी, मग ते फेकून नव्या पात्याने पुन्हा कोरा. आपल्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही हा नियम तिने त्या दिवशी मोडला आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मोजत राहिली. बावीस काप झाले. बाविसाव्यानंतर तिने चिमटा खाली ठेवला.

“थोडं राहिलंय,” रंगारी म्हणाला.

“ते कोर्टासाठी. ते मागतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. दोन्ही कोरे गप्प होते. बेडकीत अमीबा होता. पुन्हा चाचणी केली, तरी तोच. डॉक्टरीणबाईंनी अहवालात लिहिले, की पाचव्या मुलीचा मृत्यू कोमट पाण्यातल्या परजीवीमुळे झाला आणि विषाचा पुरावा नाही. उरलेल्या चौघांची लक्षणे तीच आहेत, पण ऊती संपल्याने त्यांच्याबाबत निर्णय देता येत नाही. त्यांच्या घरच्यांना वाटेल तर आमच्या मुलाला विषच दिले होते असे ते अजून म्हणू शकतात. कोणी कोणी म्हणतातही.

मेणबाई अहवालाची प्रत घेऊन हौदवाल्याच्या बायकोकडे गेली. गावाच्या टोकाला एक खोली, पत्र्याचे दार, दारावर दगडांचे पोचे. आत मुलगी भिंतीला टेकून बसली होती, जबड्यावर तारा. मेणबाईने अहवाल वाचून दाखवला, कठीण शब्द सोपे करून सांगितले. हौदवाल्याची बायको ऐकत राहिली.

“पावडर मागून मागून थकला होता तो,” ती म्हणाली. “पाणी साफ करायची पावडर. म्हणायचा, पाणी चिकट लागतंय. कोणी ऐकायचं नाही.” तिने कागद घेतला. “तुमचे उपकार झाले, ताई.”

“उपकार म्हणू नका. पाचवी मुलगी माझी. त्या दिवशी पायरीवर मला विचारलं होतं, विषच ना. मी ‘हो’ म्हणाले. मला माहीत नव्हतं, तरी म्हणाले. पाना माझ्या नवऱ्याचा होता.”

 मग हौदवाल्याच्या बायकोने सरळ न होणारा डावा हात उचलला आणि मेणबाईच्या तोंडात मारली. हात वाकडा असल्याने मार गालावर न बसता ओठावर बसला आणि रक्त आले. तिने पुन्हा मारले. तिसऱ्या वेळी मुलीने आईचा हात धरला. जबडा बांधलेला, म्हणून नुसती मान हलवली.

“जा,” हौदवाल्याची बायको म्हणाली. “आणि जिथे ‘हो’ म्हणालात तिथेच जाऊन सांगा. मला एकटीला सांगून काय होतंय?”

मेणबाई तिथून घरी गेली. ओट्याखालची पेटी उघडून पाना काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळला. फिटर दारात बसला होता. त्याने पाहिले आणि उठला नाही.

“मी येऊ?” त्याने विचारले.

“यायचं तर तुमच्या पायांनी या. मी नेणार नाही.”

तो आला नाही. चौकीत अंमलदाराने पाना टेबलावर पाहिला, तिचे प्लास्टर पाहिले, फुटलेला ओठ पाहिला. “बाई, अकरा वर्षांनी?” तो म्हणाला. “तुम्हाला इतकं कोणी मारलं? आधी ते लिहू या.”

“ते नंतर. आधी मी काय केलं ते लिहा.”

जबाब चार पानांचा झाला. संध्याकाळी फिटरला घेऊन गेले, जाताना तो म्हणाला, “नळ गळतोय, कोणाला तरी बघायला सांग.” तो आता जामिनावर आहे आणि भावाकडे राहतो. मेणबाईवर चिथावणीचा गुन्हा लागतो का यावर वकिलांचे एकमत नाही. ती रोज कामाला जाते. तिचे मधले बोट आता पूर्ण मिटत नाही, म्हणून चाक रंगारी फिरवतो. खात्यात प्रत्येक ब्लॉकला नवे पाते मिळू लागले आहे.

कारखान्याने हौद बुजवला. पावडर का दिली नाही, हे विचारणारे पत्र तीनदा गेले. उत्तर आलेले नाही. मेणबाई आणि फिटर सोडले तर दीडशेजणांपैकी एकशे अठ्ठेचाळीस जणांनी अजून जबाब दिलेला नाही. हौदवाल्याच्या मृत्यूच्या नोंदीत मारेकरी म्हणून ‘जमावातील अज्ञात व्यक्ती’ हेच शब्द आहेत. पाच मुलांपैकी एकीच्या मरणाचे कारण बदलले आहे. सहाव्या जिवाची फेड अजून कोणी केलेली नाही.